मी हात नाही लावला, मॅडम!

“मी काहीच नाही केलं जी. हातबी नाही लावला. आपोआपच झालं.”

सगळ्या नोकरीत हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा मला कोणी चहासुद्धा विचारला नसेल. आणि नागपुरात चहा न विचारणारा माणूस सापडणं किती कठीण, हे इथल्या लोकांना सांगायला नको. कॉम्प्युटर अडकला, मोबाइलमधले फोटो गेले, तिकीट दुसऱ्याच गावाचं निघालं, की माणूस दोन्ही हात वर करून हेच म्हणतो. त्यावर इंजिनियर मंडळी एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसतात. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा. आजही येतो.

कारण माझा धंदाच तो होता, हे वाक्य खरं मानायचा.

धंदा म्हणजे काय, ते आधी सांगते. सॉफ्टवेअर आतून चालवणारे लोक वेगळे. ते हुशार असतात, मला त्यांच्यातलं निम्मंही कळत नाही. पण आपल्यासमोर जो पडदा येतो, त्यावरची बटणं, रंग, शब्द, हे सगळं माणसाच्या डोळ्यांना, बोटांना आणि सवयींना झेपतंय की नाही, हे बघणारं कोणीतरी लागतं. ती मी. माझी आई शेजारणीला सांगायची, “आमची प्रज्ञा लोकायले कॉम्प्युटर नाही शिकवत वं. कॉम्प्युटरवाल्यायले लोकं शिकवते.” कंपनीनं माझ्या कार्डावर जे लांबलचक पद छापलं होतं, त्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं.

काम करायची रीत एकदम सोपी. एखाद्या माणसाला पडद्यासमोर बसवायचं, “हे एवढं करून दाखवा” म्हणायचं, आणि गप्प बसायचं. बस्स. पण गप्प बसायचं म्हणजे खरंच गप्प! समोरचा माणूस चुकीचं बटण दाबायला निघालाय, आपल्या जिवाची तगमग होऊन राहिली आहे, तरी “अहो, ते नाही, बाजूचं” असं म्हणायचं नाही. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच. मी तोंडात लवंग धरून बसायची. माझं काम अवघड होतं असं कोणी म्हटलं की मी सांगते, काम सोपं होतं हो, लवंग तिखट होती.

दुसरा नियम असा, की माणसाला “तुम्ही काय केलं?” असं विचारायचं नाही. त्याला करून दाखवायला सांगायचं. कारण आपण काय करतो हे आपल्याला ठाऊक नसतं. कोणी खोटं बोलत नाही. हाताला जे पाठ झालेलं असतं ते तोंडाला सांगता येत नाही, एवढंच. कुलूप लावून निघालेली बाई अर्ध्या रस्त्यातून परत येऊन कुलूप ओढून बघते, ती काय वेडी असते?

एक गंमत सांगते. सक्करदऱ्याकडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर मोठा पडदा लावला होता. कोणाचा नंबर आला, कोणत्या खोलीत जायचं, सगळं त्यावर. दिसायला फार देखणा. फिकट राखाडी, बारीक, नाजूक अक्षरं. तरी रोज गोंधळ, तरी रोज कंपाउंडरचा घसा बसलेला. मला बोलावलं. मी बाकावर जाऊन बसले, लवंग तोंडात. शेजारी एक आजी, डोळ्यांत थेंब टाकलेले, पाणी गळतंय. त्या पडद्याकडे तोंड करून स्वतःशीच म्हणाल्या, “पयले डोळ्यात औषध टाकतेत, अन् मंग वाचायले लावतेत. भल्ले हुशार लोकं आहेत बाप्पा!” मी बाकावरून उठलेच. झालं की काम! आणखी काय संशोधन करायचं? ज्यांना दिसत नाही अशाच लोकांसाठी लावलेला पडदा, आणि तो पुण्या-बंगलोरकडे कुठेतरी चांगल्या डोळ्यांच्या पोरांनी दिवसाउजेडी तपासलेला! पडदा राहिला, पण नंबर मोठ्यानं पुकारणारा आवाज आला, आणि प्रत्येक खोलीच्या दाराला वेगळा भडक रंग दिला. “लाल दारात जा आजी.” संपलं.

दुसरे होते हुडकेश्वरचे एक रिटायर मास्तर. नळाच्या तक्रारींसाठी एक अ‍ॅप बनत होतं, ते त्यांना वापरायला दिलं. तक्रार त्यांनी लिहिली, आणि काय शुद्ध लिहिली! पाठवताना पडद्यावर आलं, ‘नक्की पाठवायची?’ मास्तरांनी फोन टेबलावर ठेवला. चष्मा काढला. म्हणाले, “जिंदगीभर मी पोरायले विचारलं, नक्की का? अन् आता हा मले विचारते!” मग हाताची घडी घालून बसले. मी लवंग चघळत वाट बघतेय, ते फोनच्या माफीची वाट बघतायत. शेवटी आम्ही तो प्रश्नच काढून टाकला. तक्रार सरळ जाऊ दिली आणि खाली लिहिलं, ‘तक्रार पाठवली आहे. परत घ्यायची असल्यास इथे दाबा.’ मास्तर पुन्हा आले, वापरून बघितलं, मान डोलावली. “आता सुधरला.”

असे दिवस होते. मजा होती. खंत एकच, आम्हाला नेहमी बोलवायचे ते वरातीमागून घोडं तसं. सगळं तयार झालं, लोकांच्या हाती गेलं, लोक चुकायला लागले, की मग “मॅडम, जरा बघून घ्या.” आणि तोवर कोणीतरी कुठेतरी बोलणी खाल्लेली असायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की त्यावर वेगळा अंक निघेल.

पण आज मला मंदाताईंबद्दल लिहायचंय. ते आठवलं की अजूनही माझ्या अंगात वीज खेळते. घरात कोणाला सांगायला लागले की माझा आवाज चढतो, मुलगी म्हणते, “मम्मी, शेजारी ऐकून राहिले.” ऐकू दे!

नोकरीतून मी मोकळी झाले होते. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. धोटेसाहेबांचा फोन आला. हिंगण्याकडे त्यांचा मसाल्याचा कारखाना आहे. फाटकातून आत गेलं की आधी दोन शिंका, मग नमस्कार. पूर्वी मी त्यांचं एक छोटं काम केलं होतं.

“मॅडम, येऊन जा न एकदा. भानगड होऊन बसली. मशीनवाले म्हणतेत बाईनं बटन दाबलं. बाई म्हणते मी हातच नाही लावला. मी कोणाचं ऐकू?”

“बाईचं ऐका,” मी म्हटलं.

“घ्या! तुम्ही तं बिना पाहताच निकाल देऊन राहिल्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात. झालं होतं ते असं.

मंदाताई पॅकिंगच्या मशीनवर. लग्न होऊन नागपुरात आल्या तेव्हापासून याच कारखान्यात. त्या वर्षी जुनी लोखंडी मशीन जाऊन नवी आली होती. भरलेली पाकिटं ज्यावरून पुढं सरकतात तो रबरी पट्टा, आणि समोर दर्शनी बाजूला मोठा काळा काचेचा पडदा. खटके, मूठ, काही नाही. सगळं काचेवर बोट टेकवून.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा असते. एकेक मशीन धुऊन-पुसून झाली की हार, हळदकुंकू, नारळ. मग मशीन थोडा वेळ चालवून बघायची, चिवडा-पेढा खाऊन घरी. चालवून बघायची म्हणून वीज चालू ठेवलेली असते. पॅकिंगच्या मशीनची पूजा करायचा मान मंदाताईंचा. त्या दिवशी नव्या मशीनची पहिलीच पूजा चालू होती, आणि पलीकडच्या टोकाला फिटर देवाजीभाऊ झेंडूचा हार बांधत होते. तिथली संरक्षक जाळी धुवायला काढून ठेवलेली. एकाएकी पट्टा सुरू झाला. देवाजीभाऊंची दोन बोटं पट्टा आणि रोलरच्या मध्ये गेली. कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. बोटं वाचली, पण हाडं मोडली.

पडद्याजवळ त्या वेळी एकट्या मंदाताई होत्या.

एवढ्यावरही लोक म्हणाले असते, चुकून झालं असेल. पण आठच दिवसांपूर्वी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. देवाजीभाऊंनी पट्ट्याचा वेग वाढवून ठेवला होता, मंदाताईंच्या पुढ्यात पाकिटांचा ढीग साचला, आणि त्या सगळ्यांसमोर ओरडल्या होत्या, “एखाद दिवशी तुमचाच हात अडकन न यात, तवा समजन!”

आता बोला.

दोन दिवसांनी चौकशी होती. मंदाताईंना घरी बसवलं होतं, आणि निकाल काय लागणार हे फाटकावरच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. मी धोटेसाहेबांना म्हटलं, “त्यांना इथं बोलवा. याच मशीनसमोर.” त्या आल्या. बारीक चणीच्या, काठापदराची साधी साडी, डोळे रडून सुजलेले. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

“काम गेलं तं दुसरं भेटन जी,” त्या म्हणाल्या. “पण लोक म्हणतेत मी मुद्दाम केलं. देवाजीभाऊ आमच्याच वस्तीत राहतेत. त्याईची पोरगी माह्या अंगाखांद्यावर खेळली, आता पाहून तोंड फिरवते. मी बोलली होती रागात. मी काय खरंच कोणाचा हात तोडन? मॅडम, देवाशपथ, मी हात नाही लावला.”

मशीन कंपनीचा इंजिनियर सौरभ पुण्याहून आला होता. नम्र मुलगा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मुद्देसूद. म्हणाला, “मॅडम, मी ताईंना दोष द्यायला आलेलो नाही. पण मशीन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. हा पडदा वापरात नसला की काळा होतो. पहिल्या स्पर्शानं फक्त जागा होतो. मग मधोमध हिरवं बटण दिसतं. त्यावर दुसरा स्पर्श केला, तरच पट्टा चालतो. आम्ही मुद्दाम असं ठेवलंय. चुकून एकदा हात लागेल. लागोपाठ दोनदा, त्याच जागी, चुकून लागत नाही.”

“आणि त्या दिवशी दोनदा लागला?”

“दोनदा. मशीनमध्ये नोंद आहे. मध्ये अगदी थोडं अंतर.”

मंदाताईंनी तोंडाला पदर लावला. दोनदा म्हणजे मुद्दाम, हे तिथं सगळ्यांना कळलं होतं. आणि गडी चुकीचं बोलत नव्हता, हेच तर कठीण होतं! त्याच्या जागी मी असते तर मीही असाच विचार केला असता. मी लवंग काढून तोंडात टाकली.

आधी मंदाताईंना रोजच्यासारखी मशीन चालवायला सांगितली. देवाजीभाऊंसकट सगळ्यांना पट्ट्यापासून लांब उभं केलं, इलेक्ट्रिशियनला मेन स्विचजवळ. देवाजीभाऊ आले होते, पांढरं प्लास्टर गळ्यात अडकवून, एका खांबाला टेकून. मंदाताईंकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मंदाताईंनी मशीन चालवली, थांबवली. झकास. बोट कुठं टेकवायचं, केव्हा, सगळं बरोबर. झालं ना उलटंच! सौरभचा चेहरा सांगत होता, बघा, ताईंना सगळं येतं.

मग मी पदर तपासला. पदराचा काठ काचेवरून फिरवला. काही नाही. कोपर लावून बघितलं, पडदा जागा झाला, पण पुढं काही नाही. नारळाचं पाणी! मला वाटलं, सापडलं. नारळ फोडताना पाणी उडालं असणार, थेंबांनी काम केलं असणार. वाटीतून पाणी शिंपडलं, थोडं, मग भरपूर. धोटेसाहेब म्हणाले, “मॅडम, मशीनची आंघोळ झाली, आता साबण आणू का?” पडदा ढिम्म. सौरभ म्हणाला, “पाण्याला तो दाद देत नाही, मॅडम. तसाच बनवलाय.”

दुपार झाली. मी घामाघूम. डोक्यात एकच घोळत होतं, की ही बाई खोटं बोलत नाही आणि मशीनही खोटं बोलत नाही. दोन्ही खरं असेल असं काहीतरी त्या दिवशी इथं घडलं होतं. काय बाई घडलं असेल? आणि मग मीच माझ्यावर चिडले. अगं शहाणे, सकाळपासून तू काय करून राहिलीस? त्यांना रोजचं काम करायला लावतेस. त्या दिवशी त्या रोजचं काम करत होत्या का?

“मंदाताई,” मी म्हटलं, “त्या दिवशी केली तशी पूजा करून दाखवा.”

त्या दचकल्या. “खोटी पूजा?”

“खोटी म्हणजे, नुसतं करून दाखवायचं.”

“नाही जी. दाखवायसाठी पूजा नाही करत मी.” एवढा वेळ रडणारी बाई एकदम ताठ झाली. “नोकरी गेली तरी चालन.”

घ्या! आता काय करता? धोटेसाहेबांनी समजावलं, सौरभनं घड्याळ बघितलं. मी गप्प. लवंग केव्हाच संपली होती, तरी गप्प. माणूस अडला की त्याला ढकलायचं नाही, हा माझा धंदा. मंदाताई मशीनजवळ गेल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “पण त्या दिवशीची पूजा अर्धीच राहिली. नवीन मशीन आहे. तेवढी पुरी करतो म्हटलं तं खोटी नाही होत.”

“नाहीच होत!” धोटेसाहेब इतक्या मोठ्यानं म्हणाले की आतले दोन कामगार धावत बाहेर आले.

ऑफिसच्या देव्हाऱ्यातून ताट आणलं. हळद, कुंकू, दोन फुलं, कापूर. इलेक्ट्रिशियन पुन्हा मेन स्विचजवळ उभा राहिला. पट्टा रिकामा, आजूबाजूला कोणी नाही. मंदाताईंनी हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला, मशीनसमोर उभ्या राहिल्या. आणि त्या उभ्या राहताक्षणी सगळ्यांनी हात जोडले, माना खाली, डोळे मिटलेले. मालक, कामगार, पुण्याचा इंजिनियर, सगळे! पूजा म्हटलं की इथं डोळे मिटतातच, त्या दिवशीही मिटले असणार.

माझे उघडे होते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी हळदकुंकवाचं ताट नाही. दसरा आमचा पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीवर जातो. नागपुरात आयुष्य गेलं, ही पूजा शेकडो वेळा लांबून बघितली, पण हाताकडे कधी बघितलं नव्हतं. आता मी फक्त हाताकडे बघत होते.

मंदाताईंनी अनामिकेनं हळद घेतली. मशीनकडे बघितलं. जुन्या लोखंडी मशीनला वरच्या बाजूला मधोमध लावायच्या, तिथं. मशीनच्या कपाळावर. नव्या मशीनचं कपाळ म्हणजे तो बंद काळा पडदा. त्यांनी हळदीचं बोट काचेवर टेकवलं.

पडदा जागा झाला. हिरवं बटण उजळलं, बरोबर हळदीच्या मागे.

मंदाताईंनी ते बघितलंच नाही. त्यांची नजर ताटात होती, बोट कुंकवात. बोट वर आलं. जिथं हळद, तिथंच कुंकू.

धडधड करत पट्टा सुरू झाला!

“दोन!” मी किंचाळले. “दोन! दोन! आधी हळद, मग कुंकू! सौरभ, तुझे दोन स्पर्श! लागोपाठ, त्याच जागी!”

इलेक्ट्रिशियननं स्विच पाडला. लोकांनी डोळे उघडले तर मसाल्याच्या कारखान्यात एक रिटायर बाई उड्या मारतेय. होय, मारल्या मी उड्या. गुडघ्यांचं दुखणं कुठल्या कुठं. धोटेसाहेब काचेजवळ जाऊन बघत होते. हळदीवर कुंकवाचा ठिपका, त्याखाली बटण. “काखेत कळसा नि गावाले वळसा,” ते म्हणाले आणि टाळ्याच वाजवायला लागले. त्या दिवशी बोटं अडकल्यावर धावपळीत रक्त, पाणी, हळदकुंकू, सगळं कोणीतरी पुसून टाकलं होतं, म्हणून खूण राहिली नव्हती.

सौरभ काचेसमोर उभा होता. मग त्यानं जे केलं त्यासाठी मी त्याला शंभरपैकी शंभर दिले. तो म्हणाला, “सर, चौकशीत मी स्वतः सांगतो. चूक पडद्याची आहे, ताईंची नाही. माझी आई घरात रोज आधी हळद लावते, मग कुंकू. माझ्या डोक्यात आलं नाही.”

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे मग मधे यायला नको. मंदाताई कामावर परत आल्या. पट्टा सुरू करायचं बटण त्या पडद्यावरून कायमचं गेलं. आता बाजूला एक जाडजूड खटका आहे, दाबून धरावा लागतो, आणि जाळी काढलेली असली तर तोही चालत नाही. आणि पडद्याच्या वर सौरभनं स्टीलची एक कोरी पट्टी बसवली. तिला काही काम नाही. तिच्यावर हळदकुंकू लावायचं. आता त्यांच्या सगळ्या नव्या मशीनींना ती पट्टी येते म्हणे. त्यांच्या इंग्रजी पुस्तिकेत तिला काय म्हणतात कोण जाणे, आम्ही तिला कपाळ म्हणतो. मी हयातीत जे काही पडदे सुधारले असतील नसतील, त्या सगळ्यांत मला या पट्टीचा जास्त अभिमान आहे, आणि ती पडदासुद्धा नाही!

पण त्या दुपारी हे सगळं व्हायचं होतं. तेव्हा मी नुसती आनंदानं येडी झाले होते. धोटेसाहेबांनी चहा सांगितला. मी मंदाताईंना मिठी मारायला वळले.

त्या ताट धरून तशाच उभ्या होत्या. उजवा हात वर, अनामिकेला कुंकू. त्या बोटाकडे बघत होत्या.

“म्हंजे,” त्या हळूच म्हणाल्या, “माह्याच हातानं झालं.”

मी घाईघाईनं बोलायला लागले. नाही हो ताई, मशीनची चूक, पडदा चुकीच्या जागी, कोणाच्याही हातून झालं असतं. सगळं खरं होतं, पण त्या ऐकत नव्हत्या. इतके दिवस ज्या एका गोष्टीला त्यांनी घट्ट धरलं होतं, हात नाही लावला, देवाशपथ नाही लावला, ती मी नाचत नाचत त्यांच्या हातून काढून घेतली होती. नोकरी वाचली, नाव वाचलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र ती दोन बोटं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माणसाला गप्प राहून बघायला शिकले होते, पण बघून झाल्यावर पुढं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

देवाजीभाऊ खांबापासून निघाले. हळूहळू चालत आले, प्लास्टरचा हात छातीशी धरून. मंदाताईंच्या समोर थांबले. त्या मागं सरकल्या. दिवसभरात त्या माणसानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आता हा काय म्हणतो!

देवाजीभाऊंनी टोपी काढून काखेत धरली आणि मान खाली वाकवली, मंदाताईंच्या हाताला पुरेल एवढी.

“मले लाव वं मंदा,” ते म्हणाले. “मी नाही सुरू होत.”

मंदाताईंना हसू फुटलं की रडू, ते त्यांनाही कळलं नसेल. टिळा पार वाकडा, एका भुवईवर लागला. देवाजीभाऊंनी तो पुसला नाही. तसेच चहा प्यायले, आणि तसेच घरी गेले.